साठ हात निळं कापड

मुनसामीशी माझं भांडण बावीस वर्षांचं. भांडण म्हणजे मैदानातलं. मैदानाबाहेर आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हतो. त्याचं घर कसं आहे, मुलं किती, पोटापाण्याला काय करतो, मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच की पलीकडच्या बेटावरून सावुदामूचा संघ आला, की त्यांच्या नारिंगी गर्दीत पहिल्या रांगेत एक ढेरपोट्या माणूस पत्र्याचा कर्णा घेऊन बसतो. आमच्या वाइकोरोचा गोलकीपर चेंडू उचलायला वाकला रे वाकला, की तो कर्ण्यातून ओरडणार, "घातलं! अंडं घातलं!"

आणि त्याला उत्तर द्यायचं काम माझं. ते मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. माझा आवाज मोठा आहे, एवढंच.

आमचं समर्थकांचं मंडळ चाळीस-पंचेचाळीस जणांचं. त्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेले होते, ऊसवाले होते, शाळेतल्या बाई होत्या, भारतीय होते, इथले मूळचे रहिवासी काईवीती होते. ढोलपथक आपिसाई भैयाकडे, स्वयंपाक आणि शिवण माझ्याकडे. संघ सरावाला उतरला की सोळा-सतरा पोरांना जेवायला घालणं हे आमचं ठरलेलंच. पण वादळ येऊन गेलं की छपरं बसवायलाही हेच लोक. फेब्रुवारीत शाळा उघडायच्या आधी ज्या घरांत बूट नसतील तिथे बूट पोचवणारेही हेच. माझे यजमान रामसमुज म्हणायचे, "तुमच्या संघाने एकही सामना जिंकला नाही तरी तुमचं काही अडणार नाही. तुम्हाला एकत्र जमायला निमित्त पाहिजे."

त्या वर्षी आम्ही नऊ वर्षांनी जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलो. समोर सावुदामू. सामना लौतोका शहरात, रविवारी दुपारी. मंडळाने ठरवलं, असा झेंडा करायचा की पलीकडच्या बाजूच्या प्रेक्षकांना सबंध वाचता आला पाहिजे. साठ हात निळं कापड, त्यावर पांढरा बगळा. बगळा काढला आपिसाई भैयाच्या बायकोने, विलिमाइनाने. शिवला आम्ही आठ जणींनी, देवळाच्या मांडवात बसून, तीन आठवडे. बगळ्याची मान तीनदा उसवून पुन्हा जोडली, कारण विलिमाइना म्हणाली, "हा बगळा नाही, हे बदक आहे. अशी मान बघून त्यांची पोरं हसून हसून गोल मारतील."

रविवारी सकाळी सहाला निघालो. यजमानांची उसाची लॉरी धुऊन घेतली होती, त्यात बाकं टाकली. मागे मंडळाची बस. लॉरीत आम्ही चौदा जण, ढोल, झेंडा, चहाची दोन पिंपं, रोटी-बटाट्याची पुडकी. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती भुरभुर होती. रस्ता मात्र ओला.

साडेसातच्या सुमाराला मागून हॉर्न वाजायला लागले. सावुदामूच्या समर्थकांची बस. त्यांचं जहाज पहाटे धक्क्याला लागलं होतं, तिथून थेट आले होते. खिडक्या-खिडक्यांतून नारिंगी फडकी लोंबत होती. बस आमच्या बरोबरीला आली आणि पुढच्याच खिडकीतून अर्धाअधिक बाहेर आलेला मुनसामी, हातात कर्णा.

"ए निळी! उसाच्या गाडीतून आलीस? बरोबर आहे, आज तुमचा रसच काढायचाय!"

मी लॉरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. "ओ ढेरपोटे! जहाजात ओकून आलात ना सगळे? आधी तोंडं धुवा!"

"आम्ही ओकलो नाही, जेवून आलो! तुमच्या गोलकीपरला सांग, आज दोन डझन अंडी लागतील!"

त्याच्या मागे एक बाई त्याचा शर्ट धरून त्याला आत ओढत होती. बारीक, केसांत अबोलीची फुलं. "अहो, आत या! पडाल!" असं म्हणत होती आणि हसत होती. माझी-तिची नजरानजर झाली तेव्हा तिने हाताने खूण केली, याचं काही मनावर घेऊ नका, अशी. बावीस वर्षांत मी तिला शंभरदा पाहिली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली.

बस पुढे निघाली. मी जीव खाऊन ओरडले, "जा, जा! मरायलाच चाललात ना, मग सावकाश जा की!"

सगळे हसले. आपिसाई भैयाने ढोलावर एक थाप दिली.

पुढची दहा-बारा मिनिटं आम्ही गाणी म्हणत होतो. मग डोंगराचं वळण आलं आणि यजमानांनी एकदम ब्रेक दाबला. चहाचं एक पिंप कलंडलं. मी ओरडणार तेवढ्यात मला रस्ता दिसला. कुणाच्या तरी लॉरीतून सांडलेला ऊस आडवा-तिडवा पडलेला, भिजलेला. आणि वळणावर, रस्त्याच्या कडेला, नारिंगी जर्सीतला एक माणूस उभा. हातात जेवणाचं पुडकं. अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नाही.

यजमान खाली उतरून त्याच्याकडे गेले. "काय झालं, भैया?"

तो म्हणाला, "इथून लौतोका किती लांब आहे?"

"काय?"

"सामना तीनला आहे ना? वेळेत पोचू ना आम्ही?" आणि मग, वाट दाखवावी तशा साध्या आवाजात, "बस खाली आहे."

मी कडेला जाऊन खाली बघितलं. बस उसाच्या शेतात पालथी पडली होती. चाकं वर. उतारावरचं गवत एका सरळ पट्ट्यात दाबलं गेलं होतं, जसं कुणी मुद्दाम वाट केली असावी. मला आधी आवाजच येईना. लोक तोंडं उघडून ओरडताना दिसत होते, पण मला नुसता आमच्या लॉरीच्या इंजिनाचा आवाज येत होता. मग सगळं एकदम ऐकू आलं.

आपिसाई भैया साठीला आलेला माणूस, पण त्याच्यात त्या वेळी कुठून बळ आलं कोण जाणे. "ढोल खाली टाका! बाकं काढा! बाकांवरून माणसं वर आणायची!" त्याने मागच्या बसमधल्या पोरांना दोन रांगांत उभं केलं. कुणीतरी फोनवरून रुग्णालयाला कळवलं. तिथून गाड्या यायला निदान पाऊण तास. बाकं दोनच होती. खाली बस भरून माणसं.

भैया माझ्याकडे वळला. "भाभी, कापड."

मला समजलं नाही असं नाही. माझ्या पिशवीत कात्री नेहमी असते. झेंड्याची गुंडाळी लॉरीतून ओढून मी रस्त्यावर पसरली. आणि माझा हात थांबला. खरं सांगते. खाली माणसं विव्हळत होती आणि मी बगळ्याच्या मानेकडे बघत होते. किती वेळ? एक क्षण असेल, दोन असतील. विलिमाइनाने माझ्या हातातून कात्री हिसकली आणि मानेतूनच कापायला सुरुवात केली. तेव्हा मी दुसरं टोक धरलं. सहा-सहा हातांच्या झोळ्या केल्या, उरलेल्याच्या पट्ट्या. पोरं त्या झोळ्या घेऊन खाली पळाली.

मी पट्ट्या घेऊन उतरले. शेताच्या बांधाला मला ती दिसली. केसांत फुलं तशीच. बसपासून चांगली वीस पावलं लांब, उसाच्या दोन ओळींमध्ये, पाठीवर निजलेली, जसं कुणी दमून जरा आडवं व्हावं. रक्त नव्हतं. मी तिच्यापाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला.

"उठू नका, बाई. गाडी येतेय."

तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. "डबा सांडला का?"

"कुठला डबा?"

"माशांचा."

डबा तिच्या पायांपाशीच होता. झाकण कुठेतरी गेलेलं, सगळी आमटी मातीत. मी म्हटलं, "नाही. नीट आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिने हात घट्ट दाबला. मला वाटलं तिला बरं वाटतंय. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, तिला म्हटलं, आता येतील हं गाड्या. खूप वेळ मी तिच्याशी बोलत राहिले. हात दाबलेलाच होता. मग मला कळलं की तो दाबत नव्हता, नुसता माझ्या हातात होता.

विलिमाइनाने येऊन तिच्यावर झोळीतली एक उरलेली घडी पांघरली. ती हळू आवाजात स्वतःच्या भाषेत प्रार्थना म्हणत होती. मी उठले. मला वाटत होतं आता मला रडू येईल, पण तसलं काहीच होत नव्हतं. मला चहा सांडल्याची काळजी वाटत होती. एवढ्या लोकांना आता एकच पिंप कसं पुरणार?

तेवढ्यात भैयाने बसजवळून हाक मारली. "भाभी, इकडे या! हा तुम्हाला ओळखतो!"

मुनसामी बसच्या आत होता. पालथ्या बसमध्ये छत खाली आलेलं, दोन सीटा एकमेकींत घुसलेल्या, आणि त्यांच्यात त्याचे पाय. मी खिडकीतून आत सरकले. काचेचा चुरा गुडघ्यांत टोचत होता. त्याचा चेहरा पीठ लावल्यासारखा पांढरा. त्याने मला बघितलं आणि डोळे बारीक केले.

"निळी?"

"हो."

"देवा! आता हीच राहिली होती बघायची!"

मागून भैया दबक्या आवाजात म्हणाला, "पत्रा कापायचं यंत्र येईपर्यंत याला झोपू देऊ नका. काहीही करा, पण बोलता ठेवा."

मी मुनसामीच्या खांद्याखाली माझी पिशवी सरकवली. त्याने माझं मनगट पकडलं. "अंजलम्मा कुठाय? माझी बायको. माझ्या शेजारीच होती."

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी नंतर स्वतःला खूपदा सांगितलं. वेळ होता. मी विचार केला आणि मग म्हटलं, "पहिल्या गाडीतून पाठवलं तिला. हात दुखतोय म्हणत होती."

"गाडी आली पण?"

"आमच्या लॉरीतून पाठवलं."

"उसाच्या लॉरीतून?" तो कसाबसा हसला. "तिला कंबरेचा त्रास आहे. मला शिव्या घालेल."

मग यंत्र येईपर्यंत आम्ही भांडलो. सव्वा तास. मी त्याला म्हटलं, चार वर्षांपूर्वीचा तुमचा पेनल्टीचा गोल खोटा होता, तुमचा तो लंगडा खेळाडू आपणहून पडला. तो म्हणाला, आमच्या लंगड्याचा एक पाय तुमच्या अकरांपेक्षा भारी. मी म्हटलं, तुमच्या बेटावर मैदान आहे की गाईंचा गोठा? तो म्हणाला, गाई तुमच्या बचावफळीपेक्षा जोरात पळतात. त्याचे डोळे मिटायला लागले की मी त्याच्या गालावर चापट मारायचे. "अंडं घातलं म्हण! ओरड की! आता का गप्प?" तो पुटपुटायचा, "घातलं, घातलं." एकदा तर आम्ही दोघं खरोखर हसलो. बाहेरून लोक वाकून बघायला लागले, की आत काय चाललंय.

आणि त्या सबंध सव्वा तासात मला खिडकीतून निळ्या कापडाचं एक टोक दिसत होतं.

त्या दिवशी सामना झाला नाही. सावुदामूचे खेळाडू मैदानातच बसून राहिले म्हणे, त्यांतल्या दोघांचे आई-बाप त्या बसमध्ये होते. आमच्या कप्तानाने पंचांना सांगितलं, आम्हीही उतरणार नाही. हे सगळं मला नंतर कळलं. आम्ही तेव्हा रुग्णालयाच्या आवारात, अंगावरच्या निळ्या जर्सीवर वाळलेलं रक्त घेऊन, राहिलेल्या रोटीची पुडकी वाटत होतो. चार माणसं गेली होती. अकरा जण आत. त्यांची माणसं समुद्रापलीकडे, आणि पुढचं जहाज सोमवारी संध्याकाळी.

विलिमाइनाने तिथेच, पायरीवर बसून, कागदावर नावं लिहिली. "हे अकरा आपले. कोण कुणाकडे बघणार ते सांगा." कुणी एक शब्द विचारला नाही. शाळेतल्या बाईंनी दोन म्हाताऱ्या घेतल्या. एका काईवीती कुटुंबाने तीन पोरं. मी म्हटलं, "मुनसामी माझ्याकडे."

सोमवारी सकाळी मी पेज घेऊन गेले. डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढला होता. ते त्याला कळलेलं होतं आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नसल्यासारखा तो पडला होता.

"अंजलम्मा?"

"बायकांच्या वॉर्डात. झोपलीय."

"तिला सांगितलंस पायाचं?"

"अजून नाही."

"नको सांगूस. मी सांगीन."

बाहेर आले तर भैया दारापाशी उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. "भाभी, सांगा त्याला."

"त्याचा मुलगा ऑकलंडहून निघालाय. तो सांगेल."

"तो उद्या येणार. आज दिवसभर हा माणूस बायको आहे असं समजून जगणार. उद्या त्याला कळेल तेव्हा हा आजचा दिवस तुमच्या नावावर असेल."

"मग तुम्ही सांगा ना, भैया!"

"खोटं मी नाही बोललो," तो म्हणाला. रागावून नाही. म्हणूनच मला जास्त लागलं.

दुपारी मी भात आणि डाळ नेली. मुनसामीने अर्धा भात खाल्ला. मग चमच्याने उरलेला भात वाटीत एका बाजूला नीट लोटला, त्यावर डाळ ओतली, वर लोणच्याची फोड ठेवली आणि वाटी माझ्या हातात दिली.

"हे तिला दे. तिला इथलं नाही चालणार. दोन दिवस उपाशी राहील, पण बोलणार नाही."

मी वाटी घेऊन बाहेर आले. बायकांचा वॉर्ड उजवीकडे होता. मी तिथपर्यंत चालत गेले. दारातून आत बघितलं, सगळ्या खाटांवर बायका होत्या. एक नर्स म्हणाली, "कुणाला भेटायचंय?" मी त्या वाटीकडे बघितलं. मला ती खाली ठेवता येईना आणि धरताही येईना. मी जागच्या जागी उभी राहिले, नर्सने दुसऱ्यांदा विचारलं, मग मी वळले आणि परत आले.

मुनसामीने माझ्या हातातली भरलेली वाटी बघितली.

मी म्हटलं, "अंजलम्मा गेली."

"कुठे गेली?"

मी वाटी त्याच्या खाटेशेजारी ठेवली.

त्याला समजायला वेळ लागला. मी बघत होते ते. आधी डोळ्यांना कळलं, मग ओठांना. "कधी?"

"काल."

"काल कधी?"

"मी तुमच्याकडे बसमध्ये यायच्या आधी."

तो छताकडे बघत राहिला. बोटं चादरीवर काहीतरी मोजत होती. मग तो अगदी सावकाश म्हणाला, "म्हणजे ती बाहेर पडली होती. आणि मी तुझ्याशी हसत होतो."

मला म्हणायचं होतं, तुम्हाला जिवंत ठेवायचं होतं. डॉक्टरही तसंच म्हणाले होते, हा जागा राहिला म्हणून वाचला. सकाळपासून मी स्वतःला समजावत होते की मी चांगलं काम केलंय. त्या एका वाक्याने ते सगळं खाली आलं. आणि रस्त्यावर ओरडलेलं माझं ते शेवटचं वाक्यही मला तेव्हाच आठवलं, सावकाश जा की.

"जा," मुनसामी म्हणाला.

"अहो..."

"जा गं."

पुढचे कितीतरी दिवस त्याने मला आत येऊ दिलं नाही. मी स्वयंपाक करायचे, विलिमाइना डबा न्यायची. तो जेवायचा, एवढंच ती सांगायची. त्याचा मुलगा सेल्वा आला, आमच्याच घरी उतरला. उंच, अबोल, आईसारखे बारीक हात. आईला घेऊन तो बेटावर गेला, अग्नी दिला, परत आला. त्याला सगळं माहीत होतं. एकदा भांडी विसळताना म्हणाला, "आंटी, मीही तेच केलं असतं." मग थोड्या वेळाने, "पण मी केलं असतं तर त्यांनी मलाही माफ केलं नसतं."

सोळाव्या दिवसाच्या कार्याला मंडळातले वीस जण जहाजाने सावुदामूला गेलो. बापाला हलवता येत नव्हतं म्हणून सेल्वानेच सगळं केलं. आम्ही अंजलम्माच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि दीडशे माणसांचं रांधलं. कुणी थांबवलं नाही. मसाल्याच्या बरण्यांवर तिने खडूने खुणा केल्या होत्या. भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला एक जुना फोटो चिकटवलेला, नारिंगी गर्दीचा. कोपऱ्यात दोघंही होती, तो कर्णा तोंडाला लावून, ती कानांवर हात ठेवून.

पंगतीत एक म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "तू ती निळी ना? ओरडणारी?"

"हो."

"अंजलम्मा तुझी नक्कल करायची," ती म्हणाली. "आम्ही हसून हसून दमायचो."

मी वाढप टाकून मागच्या दारी गेले. उसातल्या त्या बांधावर जे रडू आलं नव्हतं ते तिथे आलं. आपिसाई भैया लाकडं फोडत होता. तो थांबला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. फोडत राहिला.

अंतिम सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ठरला. मंडळ जाणार होतं. नवा झेंडा करायचं कुणी नाव काढलं नाही. शनिवारी सेल्वा म्हणाला, "आंटी, अप्पांनी विचारलंय, उद्या रेडिओ आहे का तुमच्याकडे?"

मी रेडिओ घेऊन रुग्णालयात गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या संघाचा सामना चुकवला. मुनसामी खाटेवर उशीला टेकून बसला होता. फार वाळला होता. पोट कुठे गेलं होतं कळत नव्हतं. मला बघून त्याने खुर्चीकडे मान हलवली. मी बसले. रेडिओ खाटेवर, आमच्या दोघांच्या मधे.

पहिला अर्धा तास आम्ही नुसता रेडिओ ऐकला. निवेदक ओरडत होता, मागे ढोल ऐकू येत होते. आपिसाई भैयाचा ढोल मला ओळखू आला.

मग तो म्हणाला, "तू होतीस ना तिच्यापाशी?"

"होते."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"काही बोलली?"

"डबा सांडला का, विचारलं."

त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. "मासे. मी म्हटलं होतं नेऊ नको, बसमध्ये वास मारेल. ऐकलं नाही." मग, "तू काय म्हणालीस?"

"नाही सांडला म्हणाले."

"सांडला होता?"

"सगळा."

रेडिओवर कुणाला तरी पिवळं कार्ड मिळालं. मग त्याने विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे बघितलं नाही. "माझं नाव घेतलं का?"

एक शब्द पुरला असता. सोपा होता. त्या माणसाला आयुष्यभर पुरला असता. माझ्या जिभेवर तो आलाही होता.

"नाही," मी म्हटलं. "त्यानंतर काही बोलली नाही."

मुनसामीने डोळे मिटले. मला वाटलं आता पुन्हा जा म्हणेल, आणि मी पदर सावरून उठायच्या तयारीत होते.

तेवढ्यात रेडिओ एकदम फुटल्यासारखा ओरडला. गोल. निवेदकाचा आवाज गर्दीत बुडून गेला, ढोल, शिट्ट्या, काही समजेना. त्याने डोळे उघडले. मी रेडिओकडे वाकले. कुणाचा गोल, ते कळायला आम्हाला दोघांनाही वेळ लागला.

आमचा होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या ओठांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते त्याला जमत नव्हतं. शेवटी त्याने हात पुढे केला आणि रेडिओचा आवाज थोडा मोठा केला.